दोर धरणारा भाऊ

फार पूर्वी, उंच कड्याखालच्या एका गावात मध काढणारे लोक राहत. मध काढणारा कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरे आणि त्याचा मेहुणा वर दोर धरून बसे. सख्ख्या भावाच्या हाती दोर द्यायचा नाही, असा तिथला रिवाज होता. मेहुणा आपल्या बहिणीचं कुंकू सांभाळेल. भावाच्या मनात वाटणी असते, असं लोक म्हणत.

त्या गावात दोन भाऊ होते. आई-बाप नव्हते. थोरला म्हणाला, "माझा दोर माझा धाकटाच धरेल." त्या दिवसापासून सारा गाव धाकट्याकडे तिरक्या नजरेने पाहू लागला.

एकदा वारा अगदी पडलेला होता. थोरल्याने ओल्या पाल्याचा धूर केला, माशा उठल्या आणि तो लगेच मध घेऊन वर आला. धाकट्याने तेवढाच वेळ मनात धरला. बाजारातल्या व्यापाऱ्याला त्याने सांगून टाकलं, "रोज ऊन डोक्यावर यायच्या आत मध आणतो."

मग रोजच उशीर होऊ लागला. व्यापारी हसून म्हणे, "तुझा भाऊ खालीच जेवून येतो वाटतं!"

ते धाकट्याच्या मनात रुतलं. खाली काय चालतं ते वरून दिसत नव्हतं. जरा वेळ झाला की तो दोराला हिसका देई. "दादा, खातोयस का?"

हिसक्याने थोरल्याचा पाय सरके, टोपली हिंदकळे, माशा चवताळत. उशीर आणखी वाढे.

शेवटी थोरला वैतागला. "अरे बाबा, वारा फिरला की धूर फिरतो. कधी लवकर, कधी उशिरा, हे रोजचंच. त्यात माझी चोरी शोधू नकोस. समोरच्या सुळक्याची सावली त्या उंबराला टेकेपर्यंत दोर हलवायचा नाही. त्याहून जास्त उशीर मी कधी केलाय का? पण सावली टेकली आणि खालून दोर हलवून मी इशारा दिला नाही, तर समज, काहीतरी वेगळं झालंय. मग विचारत बसू नकोस. ओढ."

"बरं," धाकटा म्हणाला, पण गाल फुगवूनच.

दुसऱ्या दिवशी सावली उंबराला टेकली. दोर हलला नाही.

'आज तर पोटभर चाललेलं दिसतंय,' धाकट्याला वाटलं. 'ओढला तर पुन्हा माझ्यावरच ओरडेल. बसू दे.' तो कड्याकडे पाठ करून बसला. सावली उंबर ओलांडून पुढे गेली.

मग मात्र तो उठला. त्याने दोर ओढला. दोर जड लागला, खालून पायाचा रेटा नव्हता. त्याच्या हाका ऐकून गाव धावत आला. सगळ्यांनी मिळून थोरल्याला वर घेतलं. दगड सुटून त्याच्या डोक्यात बसला होता. श्वास नुकताच थांबला होता, अंग अजून गरम होतं. टोपली रिकामी होती. ओठांना मधाचा थेंबही नव्हता.

लोक कुजबुजले, "भावाच्या हाती दोर दिला की असंच."

"मी दोर सोडला नाही!" धाकटा ओरडला. "देवाशपथ, सोडला नाही!"

एक म्हातारी खाली बसली. थोरल्याचे डोळे मिटत ती म्हणाली, "नाही सोडलास, पोरा. पण ओढलास कधी?"

दोर धाकट्याच्या हातातून कुणी काढून घेतला नाही आणि त्यालाही तो खाली ठेवता आला नाही.

तात्पर्य: कामात थोडं मागंपुढं होणारच, त्यावर संशय घेऊ नये. पण ठरलेली सावली ओलांडली, की रुसवा बाजूला ठेवून आधी दोर ओढावा.