गोदीतला नांगर

समुद्र ओलांडायला लाकडी जहाजाखेरीज दुसरे काही नव्हते, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट.

खाडीकाठच्या एका गावात दामाशेट नावाचा माणूस जहाजे बांधत असे. लागोपाठ दोन जहाजे वादळात बुडाली आणि त्याचे दिवाळे निघाले. गोदीत तिसरे जहाज जवळजवळ बांधून झाले होते, पण ते पुरे करायला त्याच्याकडे काही उरले नव्हते. लाकूडवाले, सुतार, लोहार, दोर वळणारे, सगळ्यांचे येणे थकले होते.

राजाच्या न्यायाधीशाने निवाडा दिला, "जहाज आणि गोदीतलं सामान विकायचं. येईल तो पैसा ज्याच्या त्याच्या येण्याच्या प्रमाणात वाटायचा. तोवर एका खिळ्यालाही कुणी हात लावायचा नाही."

राखणीचे काम गावातल्या गिरजाक्कांकडे आले. देवळाचे धान्यकोठार त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळले होते. किल्ल्या देताना दामाशेट खाली मान घालून एवढेच म्हणाला, "आक्का, उन्हानं फळ्या तडकतील. तेल लावत जा."

आक्का रोज फळ्यांना तेल लावू लागल्या. जहाजावर त्यांनी झावळ्यांचे छप्पर घातले.

एके दिवशी लोहार आला. त्याची बायको अंथरुणाला खिळली होती.

"आक्का, जहाजाचा तो नांगर मी घडवलाय," तो म्हणाला. "त्याचा एक पैसा मला मिळाला नाही. तेवढा ने म्हणा. विकून औषध आणतो."

आक्कांचे मन द्रवले. आपल्या हातचीच वस्तू मागतोय बिचारा, असे त्यांना वाटले. त्यांनी नांगर दिला. लोहाराने एका गड्याला हाताशी घेऊन तो घरी नेला.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी लाकूडवाला गाड्या घेऊन दारात उभा राहिला.

"लोहाराला लोखंड मिळालं. मग माझं सागवान मला का नाही?"

 आक्कांनी दार अडवले, पण त्यांना बाजूला सारून माणसे आत शिरली. मागून सुतार आले, दोरवाले आले. फळ्या उखडल्या जाऊ लागल्या. एक लांब फळी मधोमध चिरली. संध्याकाळपर्यंत जहाजाची एक कूस उघडी पडली.

 आक्का घरी गेल्या, गोठ्यातली आपली एकुलती एक दुभती गाय सोडली आणि तिला घेऊन लोहाराच्या दारी आल्या.

"नांगर परत हवाय," त्या म्हणाल्या.

लोहार दुखावला. "तुम्हीच दिलात ना, आक्का?"

"दिला. माझा नसताना दिला. तो तुझाही होता, सुताराचाही होता, सगळ्यांचाच होता. चूक माझी आहे, तुझी नाही. ही गाय घे. ही मात्र माझी आहे. हिला विक, नाहीतर दूध घाल बायकोला."

लोहाराने गायीचे दावे हातात घेतले. नांगर अजून विकला गेला नव्हता. एकट्याने उचलण्याजोगा तो नव्हताच. दोघांनी तो वाशाला बांधून खांद्यावर घेतला आणि भर बाजारातून गोदीत नेला. वाटेत आक्कांना दम लागला, दोनदा थांबावे लागले. लोक बघत राहिले.

ते पाहून सुतारांनी आपण होऊन फळ्या परत आणल्या. दोरवालेही आले. लाकूडवाला सर्वांत शेवटी आला, तोही कुरकुरत. "सगळेच आणतायत, मी एकटा चोर ठरायला नको," तो म्हणाला. सुतारांनी फळ्या पुन्हा ठोकल्या. पण चिरलेली फळी कामातून गेली होती, तिच्या जागी नवी घालावी लागली.

पुढे दूरच्या बंदरातला एक तांडेल, खलाशांचा मुखिया, जहाज विकत घ्यायला आला. जहाजाभोवती फिरला, फळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "हे मी पुरं करून घेईन. सुटं लाकूड असतं, तर सरपणाच्या भावानंही नेलं नसतं."

चांगली किंमत आली. पुरते येणे कुणालाच मिळाले नाही, पण निम्म्याहून अधिक प्रत्येकाच्या हाती पडले. लोहारालाही त्याच प्रमाणात मिळाले.

वाटणीआधी आक्कांनी न्यायाधीशाला घडले ते सारे सांगितले. "नव्या फळीचा खर्च माझ्या मेहनतान्यातून कापा," त्या म्हणाल्या.

न्यायाधीशाने तो कापला. मग हातात फारसे काही उरले नाही. ते घेऊन आक्का घरी गेल्या. त्या वर्षी त्यांच्या घरी दुभते नव्हते. मात्र त्यानंतर राज्यात कुणाचेही दिवाळे निघाले, की राखणीसाठी लोक स्वतःहून त्यांचेच नाव घेत.

तात्पर्य : सगळ्यांच्या ठेव्यातून एकावर दया केली तर बाकीच्यांवर अन्याय होतो, दया करायची ती स्वतःच्या पदरचे देऊन.