सुतकातला सर्व्हे

दहाव्याचं साहित्य ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीत शलाका सर्व्हे करायची. घरातलं माणूस गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी ग्राहकाला विचारायचं, ‘या संचासाठी किती द्याल?’ बहुतेकांनी सर्वांत मोठ्या आकड्यावर खूण केली होती.

मालक गोडांबे खूश झाले. “ग्राहकच म्हणतोय! उद्यापासून नऊशेचा संच तीन हजारांना.”

शलाकाला आठवलं, बाबा गेले तेव्हा तिनंही असाच एक फॉर्म न वाचता भरला होता.

“सर, सुतकात कोणी घासाघीस करत नाही.”

“मला धंदा शिकवू नकोस, पोरी. सर्व्हे खोटं बोलत नाही.”

“मग आणखी दोघांची उत्तरं बघा. यांचे वडील अजून ठणठणीत आहेत.”

गोडांबेंनी कागद ओढून घेतले. एकानं सर्वांत छोट्या आकड्यावर खूण केली होती. दुसऱ्यानं लिहिलं होतं, ‘दादा भरेल.’

“कोणाची ही नालायक कार्टी?”

“तुमचीच, सर.”

गोडांबेंनी तीन हजारांचा आकडा खोडला. संच नऊशेलाच राहिला. संध्याकाळी घरी जाताना मात्र त्यांनी स्वतःच्या नावानं एक संच मागवला आणि पैसे आगाऊ भरून टाकले.