दाबके सरांची इच्छा

दाबके सरांच्या स्पॅनिशच्या वर्गात जो चुकेल त्याने उभं राहायचं. सर स्वतः सांगेपर्यंत बसायचं नाही. त्या दिवशी ‘सेन्तार्से’, म्हणजे ‘बसणे’, या क्रियापदाचं इच्छा सांगणारं रूप अकरा जणांचं चुकलं. त्यांत गुडघे धरून उभ्या राहिलेल्या निवृत्त नर्स कुमुदताई होत्या.

“या वयात कशाला हा उद्योग?” सर हसले.

शेजारी बसलेल्या रेवतीचं डोकंच फिरलं. ती ताडकन उठली. “किएरो के तोदोस से सिएन्तेन! बरोबर?”

“अगदी बरोबर.”

“मग अर्थ तुम्हीच सांगा, सर. मोठ्याने.”

सर ऐटीत म्हणाले, “सगळ्यांनी बसावं, अशी माझी इच्छा आहे.”

अकराही जण धपकन बसले.

“कोणी सांगितलं बसायला?” सर कडाडले.

“तुम्हीच!” कुमुदताई म्हणाल्या. “या वयातही मला स्वच्छ ऐकू येतं, सर.”