ठकूने झाडलेलं रान

आपल्या आज्याचा आजाही जन्मला नव्हता, त्या काळची ही गोष्ट.

एका उन्हाच्या, खडकाळ मुलखातल्या गावात ठकू नावाची कुंभारीण राहायची. नवरा गेलेला, घरात आंधळा सासरा. गावाने तिला टेकडीखालचा माळ लावायला दिला, पण अट घालून. तिसऱ्या अक्षय तृतीयेला पंच येतील. जेवढ्या जागेत हिरवं दिसेल तेवढी तिची, उरलेली पुन्हा गुरांना. आणि पाणी रोज दोन घागरी, वर थेंब मिळायचा नाही.

"दोन घागरीत काय पिकणार, मामंजी?" ठकू रडकुंडीला आली.

"पिकेल," सासरा म्हणाला. "आपली पाझरणारी मडकी झाडांपाशी गळ्यापर्यंत पूर, पाण्याने भर, वर झाकण ठेव. आणि जे पान गळेल ते उचलू नकोस."

ठकूने ऐकलं. शेवगा लावला, सीताफळ लावलं, त्यांच्या सावलीला पपई आणि तूर, खाली भोपळ्याचे नि रताळ्याचे वेल. पाचोळा घोट्याएवढा साचला. तिसऱ्या वर्षी पपया धरल्या, आणि ठकूला पहिल्यांदा सुखाची झोप लागू लागली.

पण त्या गावाची एक रीत होती. सणाआधी बायका अंगण झाडत, तसंच झाडांखालचं रानही झाडत, आणि पाचोळ्याची होळी करत. जिच्या रानात पान पडलेलं दिसेल ती बाई गबाळी.

"अगं ठके," विहिरीवर बायका म्हणाल्या, "पंच यायचे पंधरा दिवसांवर आले. त्या उकिरड्यात त्यांना बसवणार होय गं?" सगळ्या खदखदून हसल्या.

ठकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आली, खराटा घेतला आणि दोन दिवस रान झाडलं. वेल उपटले, पाचोळा पेटवला. कुंपणाशी करवंदीच्या जाळीत तेवढा खराटा शिरेना, तो कोपरा तिने नाइलाजाने सोडला.

धुराचा वास येताच सासरा चाचपडत बांधावर आला. "काय जाळतेस, पोरी?"

"कचरा, मामंजी. लोक हसतात."

"ते मातीचं पांघरूण होतं गं!" म्हातारा ओरडला. "आता या उन्हात ती काय पांघरेल?"

ठकूचे हात थांबले. पण जाळायचं काही उरलंच नव्हतं.

त्या वर्षी चैत्रातच वैशाखाचं ऊन पडलं. उघडी माती तव्यासारखी तापली. जी मडकी तीन दिवस पुरायची ती दुपारीच कोरडी पडू लागली. ठकूने प्यायचं पाणीही झाडांना घातलं, तरी पपया माना टाकून पडल्या, तूर करपली, सीताफळाची पानं हाताला लागताच चुरा होऊ लागली. बाई रोज बांधावर बसून रडायची.

पंच आले. वडीलधारा पंच करपलेल्या तुरीपाशी थांबला.

"महिन्यापूर्वी इकडून गेलो, तेव्हा रान गच्च होतं. काय केलंस, बाई?"

"तुम्ही यायचे म्हणून स्वच्छ केलं."

"आम्ही हिरवं बघायला येणार होतो गं," तो कळवळून म्हणाला. "खराटा कुणी मागितला होता?"

पण शब्द तो शब्द. पंचांनी दोरी धरली. करवंदीच्या जाळीशी एक सीताफळ आणि दोन शेवगे तेवढे जिवंत होते. चार माणसं जेवायला बसतील एवढी जागा ठकूची झाली. बाकीच्या माळावर त्याच संध्याकाळी गुरं शिरली.

ठकूने पुढचं सगळं आयुष्य त्या तुकड्यावर काढलं. विहिरीवरच्या बायका नंतर हसल्या नाहीत, आणि तिच्या ताटात काही वाढायलाही आल्या नाहीत.

बोध: लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून जो आपल्या मातीला उघडं पाडतो, त्याची माती जाते आणि लोक घरी जातात.