बिटाच्या सूपची हमी

आम्हा पाच मित्रमंडळींचा दर महिन्याला नव्या हॉटेलात, नव्या देशाचं जेवायचा शिरस्ता आहे. नियम एकच: पदार्थाची हमी जो घेईल, त्यानेच सगळ्यांचं उरलेलं संपवायचं.

कोल्हापुरातल्या नव्या रशियन हॉटेलात सुनंदा चौगुलेने बिटाच्या गार सूपची हमी घेतली आणि फसली. सूप अळणी निघालं. पाचही वाट्या तिच्या नशिबी येणार होत्या, म्हणून तिने मीठ मागितलं.

मीठ आलं नाही, मालक आले. मी जन्मभर विधानसभेत लघुलेखक म्हणून मंत्र्यांची उत्तरं लिहून घेतली, पण एवढा तोरा तिथेही पाहिला नाही.

"तांबड्या रश्श्याने तुमची जीभ मेलीय, मॅडम. सूपमध्ये काही कमी नाही."

"तुमची हमी?"

"शंभर टक्के."

सुनंदाने त्यांना नियम सांगितला, खुर्ची ओढून दिली आणि पाचही वाट्या पुढ्यात सरकवल्या. "बसा दादा. आम्हाला घाई नाही."

शेजारची टेबलं बघू लागली. मालकांनी एक चमचा कसाबसा गिळला आणि आत हाक मारली, "मीठ आण रे."

मिठाने सूप झकास झालं. चार वाट्या आम्हीच परत ओढून घेतल्या. पाचवी मात्र सुनंदाने मालकांपुढेच ठेवली, आणि ती त्यांनी संपवली.