काटेरी उंदरिणीचे खडे

विषय : बिळाच्या तोंडाशी खडे रचण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : डोंगरपठारावरील एका उंदरिणीचा अर्ज.

डोंगरांची उंची अजून कुणी मोजली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. एका उंच कातळपठारावर, कारवीच्या झुडपाखाली एक उंदरीण राहत असे. पाठीवरचे केस राठ, पोट पांढरंशुभ्र. बी वेचावं, किडा मिळाला तर खावा आणि बिळाच्या तोंडाशी खडे रचून ठेवावेत, ही तिच्या जातीची पिढीजात रीत.

एकदा वनराज वाघाचा पाय खड्यावरून मुरगळला. दोष पायाचा असणं शक्यच नव्हतं. म्हणून फर्मान निघालं, की यापुढे सर्व खडे दरबारी मालमत्ता, परवानगीशिवाय हलवू नयेत.

उंदरिणीला नुकतीच पाच पिल्लं झाली होती. त्यांचे डोळेही उघडले नव्हते. त्यातच बिळाजवळ तिला धामणीची ताजी कात दिसली. ती तडक कचेरीत गेली. तिथे वानर कारकून होता.

"बाई, अंगावर काटे आहेत?" त्याने विचारलं.

"काटे नाहीत, साहेब. राठ केस आहेत. हात लावून बघा."

त्याने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "काटेच. अर्ज साळिंदर विभागाकडे जाईल."

साळिंदर विभागाने आठ दिवसांनी कळवलं, की अर्जदार साळिंदर म्हणून फारच लहान आहे. तरी तिने आकारात सुधारणा करून यावं.

शेजारच्या बिळातला म्हातारा उंदीर कायद्याला मानणारा. तो म्हणाला, "पोरी, घाई करू नकोस. मी फर्मान निघालं त्याच दिवशी माझे सगळे खडे कचेरीत जमा केले."

"काका, धामणीने फर्मान वाचलंय का?" उंदरिणीने विचारलं.

म्हातारा विचारात पडला. उंदरीण पडली नाही. तिन्हीसांजेला तिने तोंडात एकेक खडा धरून आणायला सुरुवात केली. जबडा दुखला, एक दात हलला, पण दार बुजलं.

दुसऱ्या दिवशी धामण आली. तिने खड्यांना नाक लावलं, ते खडखडले, तशी ती वळली आणि शेजारच्या उघड्या दारातून आत गेली. म्हातारा बी वेचायला गेला होता म्हणून बचावला. त्याच्या बिळात आता धामण राहते, तीही विनापरवाना. तो उंदरिणीकडे राहतो आणि न सांगता रोज दोन खडे आणतो.

तात्पर्य : घरावर संकट आलं की अर्ज जरूर करावा, पण उत्तराची वाट दार उघडं ठेवून पाहू नये.

त्या पाच पिल्लांना आता पिल्लं झाली आहेत. अर्ज साळिंदर विभागात प्रलंबित आहे.