पिंप पेटवण्याआधीचे तीन ठोके

मंडळी, जरा मागे सरकून उभे राहा, झळ लागेल. मी पिंपावर तीन ठोके मारून कान लावला, तेव्हा तुमच्यातलं कोणीतरी हसलं. हसू नका. केंटकीची बर्बन व्हिस्की नव्या ओकच्या पिंपात मुरते आणि ते पिंप आधी आतून जाळतात, एवढं तुम्ही वाचून आला असाल. ठोक्यांचं मात्र आमच्या खोऱ्याबाहेर कोणी सांगत नाही.

असं सांगतात, की पूर्वी इथे पिंपं आतून जाळत नसत. या झऱ्याकाठी थॅली घराणं मक्याची दारू गाळायचं. थोरला इनॉक आणि धाकटा एसा पिंपं बांधायचे. हातोड्यांच्या गोंगाटात हाक ऐकू यायची नाही, म्हणून भावांनी खूण ठरवली होती. लाकडावर तीन ठोके म्हणजे, हात थांबव, मी इथे आहे.

नदीपलीकडच्या हॅस्केलांचा झऱ्यावर डोळा होता. एका सकाळी ते कुऱ्हाडी घेऊन आले. त्यांनी या भावांच्या म्हाताऱ्या बापाचं डोकं फोडलं आणि त्याला वाचवायला धावलेल्या एसाच्या गळ्यावर सुरा फिरवला. खालच्या गिरणीपर्यंत पाणी लाल झालं होतं म्हणे. इनॉक धावत आला तेव्हा बाप पाण्यात पडलेला, एसा कुठेच नाही. भावाला प्रवाहाने नेलं असंच त्याला वाटलं. त्याच पाण्यात हात बुडवून त्याने शपथ घेतली, की एकही हॅस्केल जिवंत नदीपार जाणार नाही. लाकूड तासायच्या वाकसाने त्याने दोघांना तिथेच चिरलं, तिसऱ्याचा हात तोडला. उरलेले पळाले.

रक्ताचा एक माग मात्र कारखान्यात शिरला होता. तो एका नव्या पिंपाशी संपत होता. झाकण आतून ओढून घेतलेलं.

"बाहेर निघ, कुत्र्या!" इनॉक ओरडला.

आतून तीन ठोके आले.

त्याने ते ऐकले, असंच सगळे सांगतात. पण त्याच्या डोक्यात खून चढला होता. झाकण वीतभर उचलून त्याने शेगडीतल्या पेटत्या ढलप्या आत ओतल्या आणि ठोके बंद होईपर्यंत वर बसून राहिला.

मग त्याने झाकण काढलं. आत एसा होता. हॅस्केलांपासून लपलेला. चिरलेल्या गळ्यातून त्याला हाक मारता आली नव्हती.

इनॉकने पुन्हा हत्यार उचललं नाही. अर्धा झरा त्याने हॅस्केलांना देऊन टाकला. त्या जळक्या पिंपात पांढरी दारू भरली आणि बजावलं, "मी मेल्याशिवाय उघडू नका." बारा वर्षांनी तो गेल्यावर उघडलं तेव्हा दारू तांबूस झाली होती, गोड, आणि शेवटी धुराची चव. पहिला घोट हॅस्केलांच्या म्हाताऱ्याने घेतला आणि तो ढसाढसा रडला, म्हणे.

आता गॅसची भट्टी आली, पिंपं यंत्रावर फिरतात. आजही ठोक्यांवाचून इथे एकही पिंप पेटत नाही. कधी उत्तर आलं का, असं पाहुणे विचारतात. माझ्या चाळीस वर्षांत नाही आलं. तरी पेटवण्याआधी मी हात थांबवून कान लावतो. उत्तर तर इनॉकलाही आलं होतं.